जाळी बसवल्यानंतरचे महिने

मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला फुगा आला आहे, म्हणजे तिची भिंत एका जागी कमकुवत होऊन फुगली आहे, आणि तो स्टेंट घालून बरा करायचा आहे, असे कानावर पडले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हृदयाचा स्टेंट येतो. नळी अरुंद झाली होती, स्टेंटने ती उघडली, माणूस घरी आला आणि लवकरच कामाला लागला, असा तो हिशेब असतो. माझ्यावर जो उपचार झाला त्याला हा हिशेब लागू पडत नाही. फ्लो डायव्हर्टर, म्हणजे रक्ताचा प्रवाह वळवणारा स्टेंट, धमनीत सोडण्याचे काम काही तासांत उरकते. परंतु फुगा बंद करण्याचे काम त्यानंतर कित्येक महिने शरीर स्वतः करत राहते आणि तो सगळा काळ रुग्णाला गोळ्यांच्या कडक शिस्तीत काढावा लागतो. ओळखीपाळखीतून ज्यांचे मला फोन येतात, ते सारे ऑपरेशनच्या दिवसाविषयी विचारतात. त्या दिवसाच्या आधी आणि नंतर काय घडते याविषयी फारसे कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते खरा उपचार तिथेच आहे.

मी सांगलीत एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. सुरुवात डाव्या डोळ्यामागच्या ठणक्याने झाली. अर्धशिशी असेल असे वाटत होते, तोच लांबच्या वस्तू दोन-दोन दिसू लागल्या. विश्रामबागेच्या चौकात समोरून येणाऱ्या एका रिक्षेच्या दोन रिक्षा दिसत; कोणताही एक डोळा झाकला की एकच रिक्षा उरे; आणि डावीकडे पाहिले की त्या दोन प्रतिमांमधले अंतर वाढे. पुढे पुढे संगणकाच्या पडद्यावरचे रकानेही एकमेकांवर सरकू लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर तपासण्याआधी पेन समोर धरले आणि म्हणाले, "मान हलवू नका, फक्त डोळ्यांनी टोकाकडे बघा." उजवा डोळा पेनाबरोबर दोन्ही कडांपर्यंत गेला. डावा डोळा नाकाकडे नीट वळला, पण बाहेरच्या बाजूला जाताना बुबुळ मध्यावर येऊन थांबले, पुढे सरकेचना. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारा स्नायू मेंदूतून निघणाऱ्या सहाव्या नसेवर चालतो आणि त्या नसेवर कुठेतरी दाब येत आहे, असे सांगून त्यांनी चष्म्याचा नंबर न देता रक्तवाहिन्यांच्या चित्रासह एमआरआय करायची चिठ्ठी दिली. त्या चिठ्ठीबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

१८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशनचे हॉस्पिटल उभे केले, तेव्हापासून आमच्या भागातल्या माणसांची पावले दुखण्यात मिरजेकडेच वळतात. एमआरआय तिथेच झाला आणि तिथल्याच एका न्यूरोसर्जनांनी तो समजावून सांगितला. मानेतून वर जाणारी कॅरोटिड धमनी कवटीत शिरल्यावर डोळ्याच्या मागे असलेल्या, अशुद्ध रक्ताने भरलेल्या एका पोकळीतून वळण घेत पुढे जाते. सहावी नस त्याच पोकळीत धमनीला अगदी लागून असते. माझ्या धमनीला नेमका त्या वळणावर १६ मिलिमीटरचा फुगा आला होता आणि धमनीकडे उघडणारे त्याचे तोंड ७ मिलिमीटर रुंद होते. १० मिलिमीटरच्या पुढचा फुगा मोठा समजतात, २५ च्या पुढचा महाकाय, आणि तोंड ४ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असले की ते रुंद तोंड मानले जाते. दिलासा एवढाच होता की ही जागा मेंदूच्या जाड आवरणाच्या बाहेर असल्याने, मेंदूभोवती रक्तस्राव होऊन माणूस जागीच कोसळण्याचा जो धोका इतर ठिकाणच्या फुग्यांत असतो, तो इथे बराच कमी होता. फुगा मात्र नस दाबत होता आणि वाढत गेला असता तर डोळ्याच्या हालचालीच्या बाकीच्या नसाही त्याने दाबल्या असत्या.

मग काय करायचे, हा प्रश्न आला. माझ्या यजमानांनी, घरातल्या कोणीही विचारावे तसे, "कवटी उघडून काढून टाकता येत नाही का?" असे विचारले. फुग्याच्या तोंडाला धातूची क्लिप लावण्याची पद्धत अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये सुरू केली आणि ती आजही अनेक रुग्णांसाठी उत्तम आहे. परंतु माझा फुगा हाडांच्या आणि रक्ताच्या पोकळीच्या वेढ्यात असल्याने तिथवर पोहोचणेच अतिशय जोखमीचे होते. दुसरा मार्ग १९९० च्या दशकात रुळलेल्या कॉइलचा. इटालियन डॉक्टर गुलिएल्मी यांनी विकसित केलेली ही प्लॅटिनमची मऊ वेटोळी धमनीतून नेऊन फुग्यात भरतात. तोंड रुंद असले की वेटोळी आत ठरत नाहीत, पुन्हा धमनीत उतरू पाहतात. शिवाय डॉक्टरांनी एक मुद्दा असा मांडला की तो मला तत्काळ पटला: माझा त्रास फुग्याच्या दाबामुळे आहे आणि त्यात धातू ठासून भरला तर रक्त आत जाणे थांबेल, पण दाबणारा गोळा तेवढाच राहील. पूर्वीच्या काळी अशा रुग्णांमध्ये, टोकाशी छोटा बलून असलेल्या नळीने धमनी थोडा वेळ बंद करून, दुसऱ्या बाजूने मेंदूला पुरेसे रक्त मिळते की नाही याची चाचणी घेऊन, त्या बाजूची कॅरोटिड धमनीच कायमची बंद करत असत. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

चौथा मार्ग होता फ्लो डायव्हर्टरचा. डॉक्टर म्हणाले, "मावशी, तुम्ही कृष्णाकाठच्या. नदीचा प्रवाह वळणावर काठाला धडका मारतो म्हणून तिथे डोह होतो. प्रवाह सरळ पात्रातून जायला लागला, तर डोहातले पाणी जागच्या जागी थांबते आणि हळूहळू डोह गाळाने भरून येतो. आपण डोहात उतरणार नाही, पात्र नीट करणार आहोत." फुग्याच्या आत काहीही न घालता फुगा बंद करायचा, ही कल्पना माझ्या मनात तेव्हा पक्की बसली. हे काम पुण्यात होत असल्याने त्यांनी तिथल्या एका इंटरव्हेन्शनल न्यूरोरेडिऑलॉजिस्ट, म्हणजे धमनीतून नळी नेऊन मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करणाऱ्या, डॉक्टरबाईंच्या नावे पत्र दिले.

पुण्याच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत फ्लो डायव्हर्टरची, म्हणजे त्या जाळीची, एक नमुना-प्रत माझ्या तळहातावर ठेवली. केसाहून बारीक तारांची विणलेली ती नळी होती, वजन जाणवू नये इतकी हलकी. त्या प्रकारच्या जाळीत ४८ तारा असतात. बहुतेक कोबाल्ट-क्रोमियमच्या आणि काही प्लॅटिनम-टंगस्टनच्या, म्हणजे एक्स-रेखाली त्या दिसाव्यात. दोन टोके धरून ओढली की ती लांब आणि अरुंद होई, सोडली की आखूड होऊन फुले. याच गुणामुळे ती दाबून, लांबवून बारीक नळीतून मेंदूपर्यंत नेता येते. आणि याच गुणामुळे डॉक्टरांना मापाची फार काळजी घ्यावी लागते, कारण धमनीत उघडताना ती किती आखूड होईल हे आधी काढावे लागते. मेंदूतला साधा स्टेंट धमनीच्या भिंतीचा दहा टक्क्यांहून कमी भाग झाकतो. ही जाळी ३० ते ३५ टक्के झाकते. फुग्याच्या तोंडावर एवढी दाट वीण आली की रक्ताचा झोत आत घुसत नाही. आत शिरलेले थोडे रक्त मंदावते, गोठते. आणि पुढे धमनीचे अस्तर जाळीवर वाढत जाऊन ते तोंड कायमचे लिंपून टाकते.

माझ्या मनात एक शंका होती आणि ती मी विचारलीच. धमनीच्या त्या भागाजवळून डोळ्याकडे एक फांदी जाते. जाळी जर फुग्याचे तोंड बंद करते, तर त्या फांदीचे तोंडही बंद करणार नाही का? त्यांनी कागदावर आकृती काढून उत्तर दिले. फांदीच्या पलीकडे डोळा आहे, त्याला रक्त हवे आहे आणि ते रक्त पुढे शिरांमधून परत जाते. त्यामुळे फांदीत रक्ताला सतत ओढ असते आणि जाळीच्या छिद्रांतून ते वाहत राहते. फुग्याला मागे दारच नाही. गेलेले रक्त आल्या वाटेनेच परतायचे, म्हणून तोंडाशी अडथळा आला की त्याची ये-जा मोडते. क्वचित फांदीही बंद होते, पण तेव्हा डोळ्याला बाहेरच्या धमन्यांकडून रक्त मिळण्याची सोय बहुधा झालेली असते. इतक्या सरळ तत्त्वावर हा सारा उपचार उभा आहे, हे कळल्यावर माझी अर्धी भीती गेली.

उरलेली अर्धी भीती आकड्यांनी घेतली, कारण मी आकड्यांतली बाई आहे. कॅरोटिड धमनीच्या मोठ्या, रुंद तोंडाच्या फुग्यांवर झालेल्या ज्या अभ्यासाच्या आधारे अमेरिकेत २०११ मध्ये पाइपलाइन या जाळीला मान्यता मिळाली, त्यात १०८ रुग्ण होते. सहा महिन्यांनी सुमारे ७४ टक्के फुगे पूर्ण बंद झालेले होते, वर्षाने ८७ टक्के, आणि पाच वर्षांनी ज्यांची अँजिओग्राफी झाली त्यांच्यात ९५ टक्के. हे आकडे दरवर्षी वाढत जातात, याकडे मी पुन्हा पुन्हा पाहिले. त्याच अभ्यासात ५.६ टक्के रुग्णांना मेंदूच्या फुगा असलेल्या बाजूला मोठा झटका (स्ट्रोक) आला किंवा मेंदूच्या कारणाने मृत्यू आला, हेही डॉक्टरबाईंनी झाकून ठेवले नाही. डोळा तिरपा राहणे आणि हा धोका यांची तुलना मी आणि यजमान कितीतरी रात्री करत बसलो. फुगा वाढता होता आणि ठणका असह्य होत चालला होता, म्हणून होकार दिला. खर्च कित्येक लाखांचा होता, त्यातला मोठा वाटा जाळीच्या किमतीचा. तो भाऊ आणि दीर यांच्या मदतीने उभा राहिला.

आता गोळ्यांविषयी. धमनीत उघडा धातू ठेवला की रक्तातल्या प्लेटलेट त्याला चिकटतात आणि गुठळी होते. फुग्यात रक्त गोठायला हवे आणि जाळीच्या आतून जाणाऱ्या रक्तात एकही गुठळी होता कामा नये, असे दुहेरी काम साधायचे असते. त्यासाठी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या आठवडाभर आधी सुरू करतात. मलाही केल्या. दाखल होण्यापूर्वी रक्ताची एक खास तपासणी झाली आणि क्लोपिडोग्रेलचा माझ्या प्लेटलेटवर पुरेसा परिणाम होत नसल्याचे दिसले. ही गोळी पोटात गेली की तशीच काम करत नाही; यकृतातल्या एका एन्झाइमने तिचे रूपांतर केल्यावरच तिच्यात ताकद येते. काही माणसांत ते एन्झाइम जन्मतःच मंद असते आणि आपल्याकडे अशी माणसे कमी नाहीत. डॉक्टरबाईंनी ठरलेली तारीख पुढे ढकलली, क्लोपिडोग्रेल बंद करून टिकाग्रेलोर सुरू केली. यजमान वैतागले. "मॅडम, रजा काढून, पैशांची जुळणी करून आलोय. आता कशाला पुढे ढकलता?" त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, जाळी आज बसवली आणि उद्या तिच्यात गुठळी झाली, तर मला ती जाळी बाहेर काढता येणार नाही. गोळी लागू पडतेय हे कळल्याशिवाय मी हात लावणार नाही." ज्यांना हा उपचार सुचवला गेला आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना ही तपासणी आपल्यासाठी आवश्यक आहे का, हे जरूर विचारावे. सर्वच ठिकाणी ती केली जाते असे नाही आणि तिच्या उपयोगाविषयी डॉक्टरांमध्ये मतभेदही आहेत. माझ्या बाबतीत मात्र तिने पुढचा सारा मार्ग बदलला.

प्रत्यक्ष दिवशी मला पूर्ण भूल दिली होती, त्यामुळे त्या काही तासांतले जे मला ठाऊक आहे ते नंतर दाखवलेल्या चित्रांवरून. मांडीच्या धमनीतून एक नळी, तिच्या आतून दुसरी, तिच्या आतून तिसरी अत्यंत बारीक, अशा एकात एक नळ्या महाधमनीतून मानेपर्यंत आणि पुढे फुग्याच्या तोंडापलीकडे नेल्या. रक्त गोठू नये म्हणून हेपरिन चालू होते. जाळी पलीकडच्या टोकाकडून अलीकडे, जरा ढकलत जरा नळी मागे घेत, धमनीच्या भिंतीला सर्वत्र टेकेल अशी उघडत आणली. दोन चित्रे शेजारी ठेवून डॉक्टरबाईंनी फरक दाखवला. आधीच्या चित्रात डाई, म्हणजे एक्स-रेत रक्ताची वाट दिसावी म्हणून धमनीत सोडलेले औषध, फुग्यात झोताने शिरून गोल फिरून निघून जात होती. नंतरच्या चित्रात धमनी स्वच्छ झाली तरी फुग्याच्या तळाशी डाईची काळी कोर साचून राहिली होती. फुगा तेवढाच होता. रक्त मात्र तिथे थांबू लागले होते, आणि त्या दिवशी साधायचे ते एवढेच.

आयसीयूत रात्रभर परिचारिका ठरावीक वेळाने उठवून नाव विचारत, दोन्ही हात वर करायला लावत, हसून दाखवायला सांगत. मांडीला टोचलेला पाय सरळ ठेवायचा होता, तो त्रास सोसण्यासारखा. काही दिवसांनी खंबाटकी घाट उतरून आम्ही सांगलीला परतलो. भेटायला येणारा प्रत्येक जण "झाले ना सगळे?" असे विचारी आणि मला प्रत्येकाला सांगावे लागे की अजून दुहेरी दिसतेच आहे.

खरी परीक्षा काही आठवड्यांनी झाली. डोळ्यामागचा ठणका पहिल्यापेक्षा वाढला आणि दोन प्रतिमांमधले अंतरही वाढले. हे घडू शकते, असे डॉक्टरबाईंनी डिस्चार्जच्या वेळी स्पष्ट सांगून ठेवले होते: मोठ्या फुग्यात रक्त गोठू लागले की त्याच्या भिंतीला सूज येते, त्यामुळे फुगा आकसण्याआधी नसेवरचा दाब काही काळ वाढतो. सांगितलेले असूनही त्या रात्री घरातले सगळे जागे होते. फोन केला, त्यांनी बोलणे नीट आहे का, हातापायांत शक्ती आहे का, एकदम सुरू झालेले भयंकर डोके तर दुखत नाही ना, हे विचारून मिरजेत तातडीने सीटी स्कॅन करायला लावला. रक्तस्राव नव्हता. मग ठरावीक दिवसांसाठी स्टेरॉइड दिले, त्याने साखर वाढली, तीही सांभाळावी लागली. पण ठणका ओसरला. जाळी बसवल्यानंतर असा फुगा फुटण्याची किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याची उदाहरणे क्वचित का होईना घडतात, म्हणून अशा दुखण्यात घरच्या घरी वेदनाशामक घेऊन वाट पाहू नये.

त्यानंतरचे महिने ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलोर या दोन गोळ्यांचे. टिकाग्रेलोर दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने. एकही चुकवायची नाही. मोबाइलमध्ये गजर लावला, तरी सूनबाई वेळ झाली की "आई, गोळी" म्हणून हाक मारीच. या गोळीने काहींना दम लागल्यासारखे वाटते. मलाही पतसंस्थेचा जिना चढताना वाटे. भाजी चिरताना बोट कापले तर रक्त बराच वेळ थांबत नसे, दंडावर विनाकारण निळे डाग उमटत, दाढ काढायची होती ती पुढे ढकलली. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी हे डाग पाहून गोळ्या बंद कर आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घे, असा मायेने सल्ला दिला. मी डॉक्टरबाईंना विचारले. जेवणातल्या हळदीला त्यांची काहीच हरकत नव्हती. अर्काच्या कॅप्सूल मात्र घेऊ नका, कारण रक्त गोठण्यावर त्यांचा आणखी परिणाम होऊ शकतो, आणि मला न विचारता एक गोळीही थांबवू नका, असे त्यांनी बजावले. पावसाळ्यात मी गोळ्यांची जादा पाकिटे घरात आणून ठेवत असे. २०१९ च्या महापुरात सांगलीचे रस्ते पाण्याखाली गेलेले पाहिले आहेत. औषधाचे दुकान चार दिवस उघडले नाही तर काय, हा विचार ज्याच्या धमनीत नवी जाळी आहे त्याने करायलाच हवा.

डोळा हळूहळू सुधारला. तोवर चष्म्याच्या डाव्या काचेला आतून चिकटपट्टी लावून मी काम करत होते. आधी जवळचे एक दिसू लागले, म्हणजे पडदा आणि कागद. मग समोरचा रस्ता. डावीकडे पाहताना दुहेरी दिसणे सर्वांत शेवटी गेले. सहा महिन्यांनी पुण्यात पुन्हा अँजिओग्राफी झाली. फुग्यात डाई शिरतच नव्हती, तोंडाशी अगदी थोडी जागा तेवढी उरली होती. टिकाग्रेलोर बंद झाली. वर्षानंतरच्या एमआरआयमध्ये ती जागाही दिसली नाही आणि गोठलेला फुगा लक्षणीय आकसला होता. कॉइलऐवजी हा मार्ग का निवडला, याचे उत्तर मला त्या चित्रात मिळाले.

जाळी पुढे कधी काढावी लागते का, असेही लोक विचारतात. ती काढत नाहीत. तिच्यावर धमनीचे अस्तर वाढते आणि ती भिंतीचाच भाग होऊन राहते. एमआरआय करता येतो, मात्र तंत्रज्ञाला जाळीचे कार्ड आधी दाखवावे लागते, म्हणून ते कार्ड पर्समध्ये आधार कार्डाशेजारी असते. धाकट्या बहिणीने आपलीही तपासणी करावी का, असे विचारले होते. रक्ताच्या जवळच्या नात्यात दोघांना फुगा आढळला असेल तर ती सुचवतात. आमच्याकडे मी एकटीच, त्यामुळे तिला रक्तदाब नियमित पाहायला सांगितले आहे. माझाही रक्तदाब आता दर आठवड्याला वहीत लिहिला जातो, आणि ॲस्पिरिन चालूच आहे.